जुन्या गाड्यांचा सल्ला : पद्मिनी की मारुती ८००?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं दोनच गाड्यांबद्दल आहेत. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी (आणि तिच्या आधीची फियाट) आणि सुरुवातीच्या वर्षांतली मारुती ८००. प्रश्न एकमेकांना लागून असल्यामुळे उत्तरंही त्याच क्रमाने देत आहोत.

प्रश्न (नाशिक) : ओळखीत दोन गाड्या विकायला आहेत. एक १९७८ ची पद्मिनी, स्टिअरिंगखाली गिअर असलेली. दुसरी १९८८ ची मारुती ८००. किंमत जवळपास सारखीच आहे. आमच्याकडे जागा एकाच गाडीची. वापर रविवारचा, शिवाय वर्षातून काही वेळा कसारा घाटाने ठाण्याला जाणं-येणं. कुठली घ्यावी?

उत्तर : कागदावर या दोन गाड्यांत दहा वर्षांचं अंतर दिसतं, पण आराखड्यांत अंतर तीस वर्षांचं आहे. पद्मिनीची बॉडी म्हणजे १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आलेली फियाट ११००-१०३. तिचं १०८९ सीसीचं इंजिन त्याहून जुनं, थेट १९३७ च्या फियाटपासून चालत आलेलं. प्रीमियरने कुर्ल्यात १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ बनवली, फियाटशी असलेला करार संपल्यावर ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. मारुती ८०० रस्त्यावर आली १४ डिसेंबर १९८३ ला. तुमच्यासमोर असलेली १९८८ ची गाडी म्हणजे १९८६ मध्ये आलेला दुसरा अवतार. जपानमध्ये सुझुकीने ती बॉडी ऐंशीच्या दशकातच आणली होती.

इंजिनाची मापं शेजारी ठेवली की गंमत दिसते. पद्मिनीचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५, ८०० चा बोअर ६८.५ आणि स्ट्रोक ७२. म्हणजे सिलिंडर जवळपास तेवढाच, फक्त पद्मिनीत चार आणि ८०० मध्ये तीन. ताकद दोन्हींत चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. फरक पडतो तो वजनात. पद्मिनी ९०० किलोच्या घरात, ८०० साधारण ६५० किलोची. त्यामुळे सिग्नलवरून ८०० लगेच निघते. पद्मिनी निवांत निघते, पण कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये, कुरकुर न करता ओढत राहते. चार माणसं आणि डिकीत सामान असलं की हा फरक चांगलाच जाणवतो.

मांडणी तर पूर्ण वेगळी. पद्मिनीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉड वर जाऊन व्हॉल्व्ह हलवतात, टायमिंगला चेन. ताकद प्रॉपेलर शाफ्टवरून मागच्या एक्सलला जाते, मागे पाटे आणि पुढे कॉइल स्प्रिंग. ८०० मध्ये इंजिन आडवं, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, टायमिंगला रबरी बेल्ट, ताकद पुढच्या चाकांना. पुढे स्ट्रट, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आणि पुढे डिस्क ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम.

घाटात याचा अर्थ असा. भरलेली गाडी चढाला लागली की वजन मागे सरकतं. पद्मिनीची ओढणारी चाकं मागे असल्यामुळे पकड वाढते. ८०० ची ओढणारी चाकं पुढे, तिथलं वजन हलकं होतं. पावसात, चिखल आलेल्या तीव्र चढावर उभी गाडी पुन्हा काढताना ८०० चं पुढचं चाक घसरतं. ॲक्सिलरेटर अलगद दाबणं हाच उपाय. उतारावर पारडं फिरतं. ड्रम ब्रेक सतत दाबत आलात की ड्रम तापून फुगतो, शूजची पकड कमी होते आणि पेडल खाली खाली जायला लागतं. शिवाय बहुतेक जुन्या पद्मिनींमध्ये ब्रेकचं सर्किट एकच असतं. एका चाकाचा व्हील सिलिंडर गळाला तर चारही ब्रेक एकदम जातात. कसारा उतरायचा असेल तर पद्मिनी घेतल्यावर पहिला खर्च इथेच : चारही व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, तिन्ही रबरी होज, शूज आणि नवीन डॉट-३ ब्रेक ऑइल. हे होईपर्यंत गाडी घाटात नेऊ नका. उतरताना तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्येच उतरा. ब्रेक थोडा वेळ घट्ट दाबा आणि पूर्ण सोडा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वेळ मिळतो. पाय सतत टेकवून ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय.

सुट्या भागांचं बघाल तर ८०० चं इंजिन ओम्नीतही होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळे इंजिनाचे, क्लचचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. न मिळणारं ते अंगावरचं : १९८६-९६ च्या काळातले हेडलाइट, बंपर, डॅशबोर्ड, दाराचे आतले हँडल. पद्मिनीचंही असंच, यांत्रिक भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून निघतात, पण चांगल्या क्रोमचा बंपर किंवा न तडकलेलं दाराचं रबर शोधावं लागतं. म्हणून विकणाऱ्याने खोक्यात काढून ठेवलेली ट्रिम असेल तर ती सोडू नका.

आता निर्णय. पद्मिनी दर महिन्याला हात मागते. ग्रीस, पॉइंट (ठिणगी पाडणारा संपर्क), टॅपेट (व्हॉल्व्हची फट), ब्रेकचं ॲडजस्टमेंट. तो दिलात तर वर्षानुवर्षं सांभाळून घेते, आणि बिघडली तरी बहुधा रस्त्यावरच दुरुस्त होते. ८०० वर्षभर काही मागत नाही, पण कूलिंग आणि पत्रा या दोन बाबतींत दुर्लक्ष मुळीच खपवून घेत नाही. रविवारी तासभर बॉनेटखाली घालवायची हौस असेल तर पद्मिनी, नसेल तर ८००. मात्र या सगळ्याच्या वर एक अट आहे : ज्या गाडीचा पत्रा चांगला तीच घ्या. इंजिन कोणत्याही गाडीचं दोन आठवड्यांत उघडून नवं करता येतं. दोन्ही गाड्या मोनोकॉक आहेत, म्हणजे खाली वेगळी चासी नाही, पत्रा हाच सांगाडा. तो कुजला असेल तर चकचकीत रंगाला भुलण्यात अर्थ नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : पद्मिनी बघायला जाताना नेमकं काय तपासावं? बरोबर मेकॅनिक नेणं शक्य नाही.

उत्तर : एक लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून न्या, टॉर्च, जाड स्क्रू-ड्रायव्हर आणि अंगाखाली टाकायला गोणपाट. विकणाऱ्याला आधीच सांगा की इंजिन सुरू करू नका, गाडी थंडच बघायची आहे.

चुंबक फिरवण्याच्या जागा : दारांच्या खालच्या कडा, पुढच्या मडगार्डचा दाराला लागून असलेला खालचा भाग, हेडलाइटभोवतीची कड, मागच्या चाकाची कमान. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे. मग मॅट उचला. ड्रायव्हरच्या टाचेखालचा फ्लोअर आणि डिकीत स्टेपनीच्या खालचा भाग हे दोन आधी कुजतात. खालून सिलवर, म्हणजे दाराखालच्या बंद पेटीवर, स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. घट्ट टणक आवाज आला तर पत्रा आहे, बद्द आवाज आला तर आत गंज किंवा नुसतं डांबर. मागे जिथे पाट्यांचे हँगर बॉडीला लागतात तो पत्रा हाताने चाचपा. तिथे भेग असेल तर गाडी सोडून द्या, कारण मागचा सगळा भार त्याच जागेवर आहे.

दारं उघडून बंद करा. दार उघडताच खाली बसत असेल आणि उचलून लावावं लागत असेल तर आधी बिजागरीची पिन झिजली असेल असं समजा. पण दार बंद असताना भोवतीची फट एकसारखी दिसत नसेल तर बॉडी मधून वाकली असण्याचा संशय घ्या.

पुढचं चाक जॅकवर उचला, चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. खडखडलं तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबून खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ. किंगपिनचं काम फार महाग नाही, पण ग्रीस निपल सुकलेले आणि मातीने बुजलेले दिसले तर समजा की गाडीची सगळीच निगा अशी राहिली आहे. चालू निगेत किंगपिन आणि सस्पेन्शनच्या निपलना दर अडीच-तीन हजार किलोमीटरला ग्रीस लागतं.

आता इंजिन सुरू करा. थंड इंजिन चोक ओढून लगेच लागायला हवं. सुरू करतानाच निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह गाइड गेल्यात. चालवताना दाबल्यावर निळा धूर येत राहिला तर रिंग-पिस्टन. साधारण ३० ते ५० च्या वेगात खालून थरथर आली तर प्रॉपेलर शाफ्टचं मधलं बेअरिंग किंवा त्याचं रबर बघा. पद्मिनीचा शाफ्ट दोन तुकड्यांत आहे. शेवटी आरसी बुकावरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवून बघा. अनेक पद्मिनींची इंजिनं टॅक्सीच्या काळात बदलली गेली आणि कागदावर नोंद झालीच नाही.

प्रश्न (ठाणे) : माझ्या पद्मिनीचा गिअर (स्टिअरिंगखालचा) कधीकधी अडकतो. ना पुढे जातो ना न्यूट्रलला येतो. पहिला गिअर टाकताना खर्र आवाजही येतो. गिअरबॉक्स उतरवावा लागेल का?

उत्तर : बहुधा नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

अडकणं हे लिंकेजचं दुखणं. स्टिअरिंगखालच्या दांड्याची हालचाल लीव्हर आणि रॉडमधून गिअरबॉक्सपर्यंत जाते. त्यातले बुश झिजले की दांडा न्यूट्रलमधून जाताना एक लीव्हर पूर्ण परत येण्याआधीच दुसरा धरला जातो, आणि मग दोन्ही अडतात. रस्त्यात असं झालं तर इंजिन बंद करा, बॉनेट उघडा, स्टिअरिंग कॉलमच्या बुडाशी असलेले लीव्हर हाताने एकेक करून न्यूट्रलला आणा. सगळे एका ओळीत आले की गिअर मोकळा होतो. घरी आल्यावर सगळे बुश आणि कॉटर एकाच वेळी बदला. झिजलेल्या बुशमध्ये वायसरचे तुकडे भरून वेळ मारून नेण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्याने रॉडची भोकं लांबट होतात आणि पुढे रॉडच बदलावे लागतात. बुश बदलल्यावर रॉडची लांबी न्यूट्रलमध्ये ठेवून पुन्हा जुळवा. गिअरबॉक्सचे माउंटिंग बसले असतील तर मात्र कितीही जुळवलं तरी माप टिकत नाही, म्हणून आधी तेच बघा.

खर्र आवाज हा दोष नाही. या गिअरबॉक्समध्ये दुसरा, तिसरा आणि चौथा सिंक्रोमेश आहेत, म्हणजे गिअर टाकताना आतली चक्रं आपोआप एका वेगावर येतात, पहिला तसा नाही. गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला टाकायचा. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, किंवा आधी दुसऱ्याला टेकवून मग पहिल्यात आणा, म्हणजे आतलं चक्र थांबलेलं असतं. घाटात चालत्या गाडीला पहिल्यात आणायची वेळ आली तर डबल क्लच करा : क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटरला एक झटका द्या, लगेच पुन्हा क्लच दाबून पहिल्यात ढकला. वेग चालण्याच्या गतीइतकाच हवा. गाडी उभी असूनही, थांबूनही खरखर येत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा खेळ जुळवा.

प्रश्न (पनवेल) : १९९४ ची मारुती ८००. बोरघाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो की तापमानाचा काटा वर जातो, गाडी धावायला लागली की खाली येतो. मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला, तरी तेच.

उत्तर : धावताना थंड आणि उभी असताना गरम, म्हणजे रेडिएटरवरून वारा जात नाही. संशयित पंखा. पद्मिनीत पंखा बेल्टवर असतो, इंजिन फिरतंय तोवर तो फिरतो. ८०० चा पंखा विजेचा आहे, आणि त्याला चालू करणारा थर्मोस्विच मेला तर कोणी सांगत नाही.

इग्निशन ऑन ठेवून थर्मोस्विचचा कनेक्टर काढा. दोन वायरी असतील तर त्यांची टोकं वायरच्या तुकड्याने जोडा, एकच असेल तर ती बॉडीला टेकवा. पंखा फिरला तर मोटर आणि फ्यूज ठीक, स्विच बदला. नाही फिरला तर फ्यूज, मग मोटरच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतात का ते बघा. येत असतील तर मोटर गेली. पंखा फिरतो पण गार होत नाही अशा वेळी रेडिएटर बाहेरून बघा. बारीक पाकळ्यांत चिखल आणि किडे बसलेले असतात. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, बाहेरून आत नाही.

थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसला की इंजिन घाट उतरताना आणि थंडीत कधीच पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि ऑइलमध्ये ओल साठते. रेडिएटरची कॅपही बदला. ती ०.९ बार दाब धरते आणि त्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी जवळपास ११८ अंशांना उकळतं. रबर कडक झालेली कॅप हा सगळा फायदा घालवते. नळाचं पाणी भरू नका, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, साध्या पाण्याने त्याचे पाण्याचे मार्ग आतून खाल्ले जातात. (हेच पद्मिनीलाही लागू, तिचंही हेड ॲल्युमिनियमचं.)

काटा लाल पट्ट्यात जाऊन आला असेल तर हेड गॅस्केटकडे लक्ष ठेवा. थंड इंजिनावर कॅप काढून सुरू केल्यावर सतत बुडबुडे येत राहिले, किंवा कूलंट बाहेर न गळता कमी होत असेल, तर हेड उतरवावं लागेल. उतरवलं की सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून फिलर गेजने मोजा. ०.०५ मिलिमीटरहून जास्त फट असेल तर हेड घासून घ्या, नुसतं गॅस्केट बदलून ते महिनाभरही टिकणार नाही. आणि या निमित्ताने टायमिंग बेल्ट बदलाच. जुना बेल्ट पुन्हा चढवण्यात वाचतात ते पैसे फारच थोडे.

प्रश्न (रत्नागिरी) : खाऱ्या हवेत ८०० ठेवली आहे. सिल कुजलेत. इथल्या डेंटरचं म्हणणं, वरून पत्रा ठोकून डांबर मारून देतो.

उत्तर : नको. गंजावर पत्रा आणि त्यावर डांबर म्हणजे ओल आत कोंडणं. पुढच्या पावसाळ्यानंतर तोच पत्रा बाहेरून फुगून येईल.

८०० चा पत्रा पातळ आहे आणि दारांमधल्या खांबांना खालून आधार सिलचाच आहे. त्यामुळे सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप किंवा अँगल आडवे-तिरके टाचून घ्यायचे, गाडी चारही बाजूंनी सपाट स्टँडवर ठेवायची (जॅकवर नाही), आणि एका वेळी एकच बाजू कापायची. चांगला पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. नवा पत्रा ०.९ मिलिमीटरच्या आसपासचा, म्हणजे २० गेजचा. वेल्डिंग सीओटू मशीनने, थोडं थोडं, टप्प्याटप्प्याने. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने हा पत्रा लाटेसारखा वाकतो. कामाआधी बॅटरीची दोन्ही टोकं काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवा, हे डेंटरला सांगायची लाज बाळगू नका.

जोडून झाल्यावर बाहेर प्रायमर-रंग, आणि आत बंद पेटीत मेणाचा स्प्रे, लांब नळीने. सिल आणि दारांच्या खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी ठेवा. बहुतेक गंज बाहेरच्या पाण्याने नाही, आत अडकलेल्या पाण्याने धरतो. कोकणात महिन्यातून एकदा गाडीचं बूड गोड्या पाण्याने धुणं हा कोणत्याही कोटिंगइतकाच चांगला उपाय आहे. स्ट्रट जिथे बॉनेटखाली पत्र्याला टेकतो त्या गोल जागा आणि बॅटरीचा ट्रे दर सहा महिन्यांनी बघा. स्ट्रटच्या जागी गंज उघडा पडला तर गाडी चालवणं थांबवा.

प्रश्न (पुणे) : ई२० पेट्रोल आल्यापासून माझी फियाट गरम असताना लागत नाही आणि पिकअपला ठेचकाळते. काय बदलावं?

उत्तर : दोन्ही लक्षणं ई२० शी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलशी जुळतात. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे कार्ब्युरेटरमध्ये तोच जेट (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) ठेवला तर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर ते सावरतो, कार्ब्युरेटर सावरू शकत नाही. मेन जेट एक पायरी वर घ्या. उदाहरणार्थ १२० चा जेट असेल तर १२५ : व्यास ४ टक्के वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के. त्याहून मोठा घेऊ नका. मग पंचवीस-तीस किलोमीटर चालवून प्लग काढून बघा. टोक फिकट पांढरं असेल तर अजून पातळ, चॉकलेटी तर बरोबर, काळं काजळी तर जास्त. प्लग बसवताना आधी हाताने पूर्ण फिरवा आणि मग पान्याने हलकं आवळा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे फार सहज जातात.

गरम असताना न लागणं हे पेट्रोलची वाफ होण्यामुळे. पद्मिनी-फियाटचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे आणि इंजिनालाच लागून आहे. पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर घ्या, पंप आणि मॅनिफोल्डमध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आड लावा, आणि पंपाखालचा जाड इन्सुलेटर शाबूत आहे का ते बघा. अनेकदा तो हरवलेला असतो. रस्त्यात अडलात तर पंपावर ओलं फडकं.

रबर वेगळं. जुन्या होज, पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरची गॅस्केट इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात. जुनी होज बोटांत वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर सगळ्या एकदम बदला, आतून फ्लोरोकार्बनचा थर असलेल्या घ्या. टाकीतला जुना गंजही इथेनॉल मोकळा करतं, म्हणून पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि पहिल्या दोन टाक्यांनंतर तो बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवून बंद करा. उंच ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलची गरज नाही. या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो आठच्या आत आहे.

एक संबंधित गोष्ट. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. शिसं गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू खाली बसते. टॅपेटची फट परत परत कमी होत असेल, दर काही महिन्यांनी जुळवावी लागत असेल, तर हेच कारण. हेड उघडाल तेव्हा कडक धातूच्या सीट घालून घ्या.

प्रश्न (डोंबिवली) : पद्मिनीचा डायनामो काढून अल्टरनेटर बसवावा का?

उत्तर : शहरात चालवत असाल तर जरूर. डायनामो जेमतेम सव्वादोनशे वॅटचा, आणि आयडलिंगला जवळजवळ काहीच देत नाही. रात्री ट्रॅफिकमध्ये हेडलाइट, वायपर आणि इग्निशनचा भार थेट बॅटरीवर. अल्टरनेटर ३५ अँपिअरचा पुरे. जुना कटआउट-रेग्युलेटर पूर्ण काढा, अल्टरनेटरपासून बॅटरीकडे किमान ६ चौरस मिलिमीटरची वायर आणि मध्ये फ्यूज. डॅशबोर्डवरचा लाल चार्जिंगचा दिवा जोडायला विसरू नका, बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून मिळतो. पुली बेल्टच्या सरळ रेषेत आली नाही तर बेल्ट आठवड्यात जातो. डायनामो जपून ठेवा. गाडी कधी मूळ रूपात दाखवायची झाली तर लागेल.

प्रश्न (सोलापूर) : माझ्याकडे १९६८ ची ११०० डिलाइट आहे, मुलाकडे १९८४ ची पद्मिनी. व्हिंटेज गाड्यांचा ‘व्हीए’ नंबर दोन्हींना मिळेल का? आणि इटलीहून भाग मागवले तर बसतात का?

उत्तर : व्हिंटेज नोंदणीचा २०२१ चा केंद्रीय नियम ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात असलेल्या गाड्यांसाठी आहे. तुमची बसते, मुलाची नाही. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढची नोंदणी ५ हजार. पण अट नीट वाचा : व्हीए नंबरची गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, धंद्यासाठी नाही. बाजारात न्यायची असेल तर नेहमीची नोंदणी दर ५ वर्षांनी नूतनीकरण करत राहणंच बरं. मुलाच्या गाडीला तोच मार्ग.

इटलीच्या भागांबाबत सावध राहा. तिथली १९६२ ची ‘११०० डी’ १२२१ सीसीची होती, बोअर ७२. आपली १०८९ सीसी, बोअर ६८. नाव तेच वाचून पिस्टन मागवले तर बसणार नाहीत. नंतरच्या ‘११०० आर’ चं इंजिन १०८९ चं आहे, पण तिला पुढे डिस्क ब्रेक आहेत, त्यामुळे ब्रेकचे भाग जुळत नाहीत. ऑर्डर देण्याआधी जुना भाग कॅलिपरने मोजून त्याची मापं आणि फोटो पाठवा.

प्रश्न (सांगली) : पद्मिनीत ८०० चं इंजिन बसवून देतो असं एका गॅरेजवाल्याचं म्हणणं आहे. ॲव्हरेज वाढेल का?

उत्तर : करू नका. ते इंजिन आडवं बसून पुढची चाकं फिरवण्यासाठी आहे. ओम्नीतलं उभं बसतं, पण माउंटिंग, बेलहाउसिंग, रेडिएटर, सगळं नव्याने बनवावं लागेल, आणि ६५० किलोच्या गाडीचं इंजिन ९०० किलोला लावल्यावर ते सतत जास्त आरपीएमवर राहील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलण्याला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, नाहीतर अपघातात विमा अडतो. ॲव्हरेज हवं असेल तर आधी पॉइंटची फट ०.४२ ते ०.४८ मिलिमीटरमध्ये आणा, प्लगची ०.६, टॅपेट जुळवा, चारही चाकं जॅकवर उचलून ब्रेक धरून राहतो का ते फिरवून बघा. जुन्या पद्मिनीत हँडब्रेकची केबल गंजून मागचे शूज कायम घासत असतात. चाक हाताने फिरवल्यावर एका फेरीच्या आत थांबलं तर तुमचं पेट्रोल तिथेच जातंय.